समोरच्या शाळेच्या बाई

“तुझ्या फोनचं पोट उघडतं का गं?”

बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे वाक्य. मे महिन्यातली दुपार होती. वेल्हे रस्त्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथं स्वरा नावाच्या एका मुलीच्या घराच्या ओट्यावर मी घामाघूम होऊन बसले होते. मांडीवर आमच्या इंग्लिश मीडियम शाळेची रंगीत पत्रकं. डी.एड. होऊन बसले तरी सरकारी भरती निघत नव्हती, म्हणून भोरहून एसटीनं नसरापूर आणि तिथून माणसामागं पैसे घेणाऱ्या वडापच्या जीपनं मी या शाळेत शिकवायला यायचे. वर्षभर शिकवायचं आणि सुट्टीत दारोदार फिरून पुढच्या वर्षाची पोरं जमवायची, अशी ती नोकरी होती.

त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाय सोडून, पळसाच्या पानातली करवंदं खात बाई बसल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापक. त्यांची शाळा आमच्या अगदी समोर, मधे फक्त रस्ता. म्हणजे त्याही पोरांसाठीच आल्या होत्या. वर्षभर मी त्यांना फक्त लांबून पाहिलं होतं.

“पोट?” मी विचारलं.

“मागचं झाकण गं. निघतं का? बॅटरी बदलता येती का?”

“नाही बाई. आता कुठल्याच फोनचं निघत नाही.”

“मग तो तुझा कसा? ज्याचं पोट आपल्याला उघडता येत न्हाई, ती वस्तू आपल्याकडं पाहुणी असती.”

मी फोन उलटा करून बघितला. तेवढ्यात स्वराची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि दोघींकडं आळीपाळीनं बघून म्हणाली, “बाई, आता तुमीच सांगा. हिला कुठं घालू?”

 माझ्या पत्रकातलं सगळं, स्मार्ट बोर्ड, गाडी, गणवेश, इंग्लिश, मी आधीच सांगून टाकलं होतं. बाईंनी एक करवंद तोंडात टाकलं, बी अंगणात उडवली आणि म्हणाल्या, “हिच्या शाळेची गाडी तुझ्या दारात येती. माझ्याकडं गाडी न्हाई. हिच्याकडं इंग्रजी हाय. माझ्याकडं मी हाय. पण मलाबी सरकार कधी इलेक्शनच्या कामाला नेईल त्याचा नेम न्हाई. तुझं पोर हाय, इचार तूच कर.”

स्वराच्या आईनं विचार केला आणि स्वराला आमच्या शाळेत घातलं. वाडी उतरताना बाईंनी उरलेली करवंदं माझ्या ओंजळीत ओतली. “जिंकलीस. खा.”

माणूस हरल्यावर असं वागतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

बाई ठेंगण्या, सावळ्या, चालायला भलत्याच चपळ. नऊवारी नाही, पाचवारीच, पण चढाला लागल्या की पदर असा खोचायच्या की लावणीला निघालेली बाई वाटावी. म्हणजे भाताच्या लावणीला. कमरेला कापडी पिशवी, तिच्यात आवळा सुपारीची डबी, लाल पेन आणि बटणांचे दोन फोन. दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं असलेले ते दोन फोन त्यांनी रबरानं एकमेकांना बांधून ठेवले होते. “दोघं एकमेकाला बघत ऱ्हायले की नीट काम करत्यात,” असं त्यांचं म्हणणं.

फोनच्या कंपन्यांची भांडणं हा त्यांचा छंद होता. काही जण क्रिकेट बघतात, काही जण राजकारण. बाई फोनच्या जाहिराती वाचायच्या. पेपरात पानभर जाहिरात आली की ती कापून घ्यायच्या, लाल पेननं तपासायच्या आणि शाळेच्या फलकावर लावायच्या. एका चकचकीत फोनखाली ‘काठावर पास’. दुसऱ्याखाली ‘दिखाऊ. पालकांनी भेटावे.’ पंचक्रोशीतली माणसं नवा फोन घ्यायच्या आधी तो फलक बघून जायची. भोरच्या बाजाराच्या दिवशी तर त्या मोबाईलच्या दुकानांत शिरायच्या, फोन हातात घेऊन दुकानदाराची उलटतपासणी घ्यायच्या आणि काहीही न घेता बाहेर पडायच्या. एका दुकानदारानं मला सांगितलं होतं, “त्या आल्या की मी गल्ल्यावर धाकट्या भावाला बसवतो अन् चहाला जातो.”

त्यांचा एक आवडता किस्सा होता. किस्सा कसला, रागच तो. “पैल्या कंपनीनं खोक्यातला चार्जर काढून टाकला. दुसरी तिला हसली. जाहिरात केली, बघा, आमी चार्जर देतो! वर्ष सरलं न्हाई तर तिनंबी काढला. मग तिसरीनं. याला स्पर्धा म्हणत्यात व्हय? चांगलं काय ते कुणी कुणाचं उचलत न्हाई, काढून घ्यायचं तेवढं सगळे उचलत्यात.”

मग रस्त्यापलीकडं आमच्या शाळेकडं बोट. “तुमी टाय आणला. नसरापूरच्या शाळेनं बघून टाय आणला. तिकडं भोरात कुणी टायवर कोट चढवला. गणित कुणीच आणलं न्हाई.”

हे त्या माझ्या तोंडावर बोलायच्या आणि मला राग येत नसे. कारण स्वतःच्या शाळेबद्दल त्या याहून कडक बोलत. चार वर्ग, शिक्षक दोन, त्यातले एक गुरुजी बहुतेक वेळा कुठल्या तरी सर्वेक्षणाला गेलेले. वीजबिल थकलं की मीटर बंद, म्हणून भेट मिळालेला संगणक कपाटात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी दिलेले टॅब, एकातलं दुसऱ्यात उघडत नाही असे. त्यातला एक बिघडल्यावर दुरुस्तीला कुठं पाठवायचा हे कुणालाच सांगता येईना. बाईंनी चौथीच्या पोरांना स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि तो टॅब आख्खा उघडायला लावला. त्याचे सुटे भाग पाटीवर चिकटवून खाली पोरांच्या अक्षरात नावं लिहिली. “निदान पोट तरी कळलं,” त्या म्हणाल्या.

सगळ्यात जास्त वैताग त्यांना माहिती पाठवण्याचा होता. रोज खिचडीचा फोटो काढून पाठवायचा, हजेरी भरायची, मागवलेली आकडेवारी तासाभरात द्यायची. त्यासाठी शाळेचा म्हणून एक स्मार्टफोन होता. त्याला त्या ‘साहेब’ म्हणत. साहेबांना शाळेत रेंज नसे. मग बाई वर्ग सोडून मागच्या टेकाडावरच्या एका दगडावर जाऊन उभ्या राहत, हात वर करून. रस्त्यानं जाणारी माणसं हसायची. आमच्या खिडकीतून आमची पोरंही.

एके दिवशी त्यांनी त्या हसण्याचाच धडा केला. रविवारी त्यांच्या पोरांनी गावाचा नकाशा काढला: ओढा, देऊळ, विहार, पाण्याची टाकी, बांध. मग रबर सोडून दोन फोन दोन टोळ्यांना दिले आणि कुठल्या कंपनीची रेंज कुठं मिळते ते बघत पोरं गावभर फिरली. एका कंपनीच्या जागा निळ्या, दुसरीच्या लाल. स्वरा आणि आमच्या शाळेची इतरही पोरं त्यात शिरली. शाळा वेगवेगळ्या असल्या तरी गल्ल्या त्याच होत्या. दिशा, अंतर, खुणा, सगळं त्या एका दिवसात झालं. बाईंनी त्या नकाशाच्या दोन प्रती काढून दोन्ही कंपन्यांना पाठवल्या, प्रत्येकीला सांगून की दुसरी तुमच्या पुढं आहे.

कंपन्यांची माणसं खरंच आली, आठवड्याच्या अंतरानं. चहा पिऊन गेली. टॉवर काही आला नाही. पण त्या नकाशामुळं गावातल्या एका म्हाताऱ्या आजींना कळलं की पुण्यातल्या लेकाशी बोलायला टाकीवर चढायची गरज नाही, गोठ्याच्या मागं लाल रेंज येते. बाईंनी ते यशात धरलं.

मी त्यांची विद्यार्थिनी कशी झाले ते सांगायला हवं.

आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड आला तेव्हा चेअरमननी गावाला बोलावलं. पुढच्या काचेच्या खोलीत तो बसवला होता, रस्त्यावरून दिसेल असा. बाईही आल्या. मला वाटलं होतं नाक मुरडतील. पण पडद्यावर हृदय धडधडायला लागलं आणि बाई लहान पोरीसारख्या पुढं सरकल्या. “पुन्हा लावा की,” त्या म्हणाल्या. पुन्हा लावलं. “आणखी एकदा.” रक्त कुठून येतं, कुठं जातं, त्या बोटानं हवेत गिरवत होत्या. चेअरमन खूश झाले.

“वस्तू झकास हाय,” बाई जाताना म्हणाल्या. “फकस्त एक इचारते. ही पोरांसाठी आणलीय का पोरांच्या आयांसाठी?”

चेअरमन हसले. मी हसले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. एरवी ती खोली बंदच असायची.

बाहेर आल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. “तुझा वर्ग ऐकते मी. रस्ता अरुंद हाय अन् तुझा आवाज मोठा. पोरं तुझ्या मागनं बोलत्यात. तुझ्याशी कुणी बोलत न्हाई.”

हे लागलं. घरी जाताना जीपमध्ये मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ सुनावलं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले आणि माझाच आवाज मला ऐकू यायला लागला. मी म्हणायचे, पोरं म्हणायची. मी ओरडून म्हणायचे, पोरं ओरडून म्हणायची. स्वराला इंग्रजी कविता तोंडपाठ होत्या, हातवाऱ्यांसकट. तिच्या आईला त्याचं फार कौतुक. पण एकदा मी तिच्यापुढं पुस्तकाचं भलतंच पान उघडलं, तर ती आदल्या पानावरची कविता म्हणायला लागली. बोट ओळीवरून फिरत होतं, डोळे माझ्याकडं होते.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी रस्ता ओलांडला. बाई पायरीवर बसून भेंडीच्या बिया वाळत घालत होत्या. मी म्हटलं, “बाई, स्वराला वाचता येत नाही.”

त्यांनी मान वर केली. त्यांनी ‘बघ, मी म्हणत नव्हते का?’ म्हटलं असतं तर मी परत फिरले असते. त्या म्हणाल्या, “बस. पाणी पी. तू प्रश्न इचारल्यावर किती येळ थांबतीस?”

“थांबते की.”

“न्हाई थांबत. तूच इचारतीस अन् तूच उत्तर देतीस. मग पोरीनं काय करायचं?” त्यांनी डबी उघडून आवळा सुपारीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. “प्रश्न इचारला की ही तोंडात टाकायची. संपेस्तोवर बोलायचं न्हाई.”

मला ते हास्यास्पद वाटलं. तरी मी केलं. दुसऱ्या दिवशी कविता बाजूला ठेवली आणि स्वराला मराठीत विचारलं, “येताना वाटेत काय दिसलं?” आणि आवळा तोंडात टाकला.

वर्ग शांत झाला. इतका शांत की मागच्या बाकावरची पोरं घाबरली. स्वरा पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती. तो आवळा कडक होता, विरघळता विरघळेना. माझ्या तोंडात वाक्यं येऊन आपटत होती: झाडं दिसली का? गाय दिसली का? मी जीभ दाबून धरली.

“रेडा,” स्वरा म्हणाली.

मी बोलले नाही.

“रेडा रस्त्यात बसला व्हता. डायवर हॉर्न वाजवीत व्हता. रेडा उठंना. मग आमी समद्यांनी खाली उतरून त्याला गाणं म्हनलं.”

सगळा वर्ग हसला. मी फळ्याशी जाऊन तिचंच वाक्य लिहिलं, ‘रेडा रस्त्यात बसला होता.’ तिनं ते वाचलं. बोट आणि डोळे एकाच जागी होते. मग दुसरं वाक्य. हळूहळू मी त्याच रेड्याला इंग्रजीतही आणलं. त्या दिवशी मला शिक्षक असण्याची पहिल्यांदा गोडी लागली. ती मला बाईंनी दिली आणि तिच्या बदल्यात त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. उलट, मी चांगलं शिकवायला लागले तर त्यांचीच पोरं कमी होणार होती. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं.

“मग काय झालं?” त्या म्हणाल्या. “पोरं गावाचीच हायेत ना?”

त्यानंतर मी रोज शाळा सुटल्यावर परतीची जीप येईपर्यंत त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचे. वजाबाकीत हातचा कसा शिकवायचा, रडणाऱ्या पोराकडं केव्हा बघायचं नाही, चुकीचं उत्तर आलं की ‘कसं काढलंस?’ असं का विचारायचं, हे सगळं मी तिथं शिकले. एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत: “फोनचा नंबर लावावा. पोरांचा लावू नये.” त्यांच्या वर्गात पहिला-दुसरा असं कुणी नव्हतंच.

अशाच एका संध्याकाळी तालुक्याचे साहेब आले. आले म्हणजे गाडीतून उतरलेही नाहीत आधी. माणूस वाईट नव्हता. वरून आलेला विषय घेऊन आला होता. पट घसरला आहे, शाळा लांबच्या मोठ्या शाळेत विलीन करायचा प्रस्ताव आहे, बाईंचं म्हणणं काय ते कळवा.

“समोर शाळा आहेच की बाई,” साहेब आमच्या इमारतीकडं बघून म्हणाले. “लोकांना जी बरी वाटते तिथं ते घालतात. स्पर्धा असतेच.”

बाई उठल्या. साहेबांशी त्या शुद्ध बोलत. “साहेब, फोनच्या कंपन्या भांडतात तेव्हा मला मजा वाटते. एखादी हरली, बंद पडली, तर मी दुसरा फोन घेईन. शाळा बंद पडली तर तिच्यातली पोरं कुठं ठेवायची? तिसरीचं वर्ष पुन्हा बाजारात मिळत नाही.”

“समोरची कुठं बंद पडतीय?”

“ती त्यांच्या मर्जीनं उघडली, त्यांच्या मर्जीनं बंद होईल. ही मात्र माझ्या मर्जीची नाही, तुमच्याही मर्जीची नाही. कुणालाच नाही म्हणायचं नाही अशी एवढी एकच जागा आहे या गावात.”

 साहेब कळवतो म्हणाले आणि गेले. बाई पुन्हा पायरीवर बसल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं त्यांनी मला सांगितलं. भोरजवळच्या गावात त्यांचं बौद्ध घर. आजोबा जे काही शिकले ते शाळेच्या व्हरांड्यात बसून. वडलांना आत घेतलं. “अन् मी आज त्याच सरकारच्या शाळेत खुर्चीत बसते. हे दार उघडायला आमच्या घराला लई येळ लागला गं. ते लावून घ्या म्हणून मी कशी सही करू?”

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की त्यांच्या चेष्टेखाली काय धगधगत होतं.

दिवाळीची सुट्टी संपून मी शाळेत आले, तर फाटकाला कुलूप. गाडी वाड्यांवर गेलीच नव्हती, म्हणून आईबाप पोरांना मोटारसायकलींवर, काही पायी घेऊन आले होते. पोरं टाय लावून, दप्तरं पाठीला अडकवून रस्त्यात उभी. मी चेअरमनना फोन लावला. परवडत नाही मॅडम, ते म्हणाले. पानशेतची माझी हॉटेलं चालतात, शाळा चालत नाही. इमारतीचं दुसरं काहीतरी करतोय. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. नंतर त्यांचा फोन बंद झाला.

सगळे माझ्याकडं बघत होते. हीच सगळी घरं मी स्वतः हिंडून जमवलेली. एक बाप ओरडायला लागला, तुमच्या भरवशावर पोर घातलं, आता अर्ध्या वर्षात आम्ही कुठं जायचं?  स्वराची आई नुसती तिचा हात घट्ट धरून उभी होती. ते मला ओरडण्याहून जड गेलं.

तेवढ्यात समोरच्या शाळेची घंटा झाली.

वेळ व्हायची होती अजून. बाई स्वतः घंटा वाजवत होत्या. मग त्या रस्त्यावर आल्या, दोन्ही बाजूला बघून, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “घंटा झाली, ऐकलं न्हाई व्हय? चला आत.”

“बाई, पण दाखला?” तो ओरडणारा बाप म्हणाला. “शाळाच बंद हाय, दाखला कोन देनार?”

“कागद मागनं येतील. पोरं आत्ता आलीत. कागदासाठी पोराला दारात उभं करायचं न्हाई, असा कायदाच हाय.”

तो बाप खाली बघायला लागला. याच माणसानं दोन वर्षांपूर्वी भर ग्रामसभेत सरकारी शाळेला खिचडीची शाळा म्हटलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. “बाई, आमचं चुकलं,” तो कसंबसं म्हणाला.

“तुमचं काय चुकलं? पोराचं भलं बघाय गेलता. ते बघायचंच असतं.”

एक छोटा मुलगा गळ्यातला टाय ओढून काढायला लागला. बाईंनी त्याचा हात धरला. “राहू दे. चांगला दिसतोस.”

पोरं रांगेनं रस्ता ओलांडून गेली. पलीकडची पोरं आधीच सरकून बसली होती. रविवारच्या नकाशामुळं ती एकमेकांना ओळखतच होती. रस्त्यावर मी एकटी उरले. मला वाटलं, आता जीप बघावी.

“अगं पोरी,” बाई दारातून ओरडल्या, “एवढी पोरं आणलीस अन् आता मलाच एकटीला द्यायची व्हय? दुसरी-तिसरी घे जा.”

त्या वर्षी मी नियमानं त्या शाळेची कुणीच नव्हते. गावानं ग्रामसभेत ठराव करून मला ठेवून घेतलं आणि बाईंनी साहेबांना तोंड दिलं. पट वाढला, विलीन करायचा विषय मागं पडला. आमच्या जुन्या इमारतीत आता तोरण्याला येणाऱ्या लोकांसाठी हॉटेल आहे. काचेच्या खोलीतल्या बोर्डावर मॅच लावतात. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “ते हृदय दिलं असतं का त्यांनी आपल्याला?” त्या खरंच मागायला गेल्या होत्या. दिलं नाही.

भरती निघाली तेव्हा परीक्षेची तयारी बाईंनी माझ्याकडून करून घेतली. रोज पायरीवर. मी चुकले की ‘कसं काढलंस?’ आणि मग डबी पुढं. पहिल्या वेळी मी नापास झाले. घरचे म्हणाले, आता लग्नाचं बघू. बाई एसटीनं आमच्या घरी भोरला आल्या, माझ्या वडलांशी तासभर फोनच्या कंपन्यांवर बोलल्या आणि निघताना उंबऱ्यात म्हणाल्या, “हिला अजून एक संधी द्या दादा. शिकवायला लागलं की ही पोरगी उजळती.” वडील विरघळले. दुसऱ्या वेळी माझी निवड झाली.

मला भोर तालुक्यातलीच, धरणाच्या पलीकडच्या अंगाची एक लहान शाळा मिळाली. बाई त्याच सुमारास निवृत्त झाल्या होत्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. हार गळ्यात पडायच्या आत त्या चौथीच्या वर्गात जाऊन बसल्या होत्या आणि तास संपेपर्यंत उठल्याच नाहीत. आता त्या भोरला राहतात.

माझ्या पहिल्या दिवशी मी फार घाबरले होते. मी त्यांना काही बोलले नव्हते, पण सकाळच्या एसटीत मी चढले तर पिशवी मांडीवर घेऊन त्या आधीच बसलेल्या. “मला काय काम हाय घरी?” म्हणाल्या.

वर्गात त्या भिंतीला टेकून पोरांमध्ये मांडी घालून बसल्या. शेजारच्या पहिलीतल्या पोरीनं त्यांना निरखून पाहिलं आणि विचारलं, “तू कितवीला?”

“तुझ्याच वर्गात,” बाई म्हणाल्या. पोरीनं आपल्या पाटीचा अर्धा भाग त्यांच्याकडं सरकवला.

दिवसभर त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. पोरांबरोबर जेवल्या, पाढे म्हटले, माझ्या प्रश्नाला एकदा हातही वर केला. मी शिकवत होते आणि सारखं त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. दुपारनंतर कधीतरी बघायचं विसरले.

शाळा सुटली. आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या राहिलो. मला तिथंच गावात खोली मिळाली होती, जायचं होतं ते फक्त त्यांना. धुळीचा लोट दिसला तेव्हा माझ्यानं राहवेना.

“कसं झालं बाई?”

“मला फळा दिसला न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझ्यापुढं तो उंच पोरगा बसलावता. त्याला मागं घे.”

“आणि बाकी?”

एसटी थांबली. बाईंनी पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला. “बाकी काय? उद्यापास्नं मी येत न्हाई.”

एसटी वळणाआड गेली तरी मी तिथंच उभी होते. रडू येत होतं आणि हसूही. एवढं मोठं सर्टिफिकेट मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि पुढंही मिळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या उंच मुलाला मागच्या रांगेत बसवलं आणि फळ्यावर तारीख लिहायला वळले. माझ्या पाठीमागून त्या पहिलीतल्या पोरीचा आवाज आला, “बाई, आता दिसतंय.”